अंगदचं पिवळं पुस्तक

जालना

अंगदला भाकरी करून घालायला मला इथं खोलीवर धाडलंस, पण पोरगं काय शिकून राह्यलंय हे एकदा तरी इचारलंस का?

चि. धर्मराज, आशीर्वाद घे, आज द्यायचं मन न्हाई तरी. इथं फोन अंगदचाच, अन् मी बोलले की तो कान देऊन बसतो, म्हणून हा कागद.

तब्येत बरी हाय त्याची. गणितात मात्र नापास झाल्ता, ते तुला त्यानं सांगितलं न्हाई. आता परत बसायचंय. यंदाही गेला तर पुढच्या वर्षाला घेणार न्हाईत.

अभ्यास कसा, तर पुस्तक हळदीच्या नवरीवानी पिवळं केलंय. महत्त्वाचं तेवढंच रंगवतो म्हणे. पांढरी ओळ औषधाला न्हाई. मंग मोबाईलातला मास्तर गणितं सोडवतो अन् हा नंदीबैलावानी मान हालवतो. काल मोबाईल पदराखाली घेतला अन् म्हणलं, "तेच गणित आता तू कर." पहिल्याच ओळीला अडला.

"आज्जी, तुला इंजिनेरीतलं काय कळतं?"

"काही न्हाई रे बाबा. कोरा कागद तेवढा दिसतो."

गणित होईस्तोवर ताट वाढलं न्हाई. दोघंही गार भाकर जेवलो. परीक्षेपर्यंत रोज असंच चालणार.

सूनबाईची कंबर कशी हाय? शेक घेते का नुसतीच कण्हते?

तुझी आई,
सगुणाबाई

आज्जीला परत गावी, धावड्याला घेऊन जा म्हणून अंगद तुला रडून फोन करील. या कागदाचा जवाब सूनबाईनं, साधनानंच लिहायचा. तू लिहिलास तर पहिल्याच ओळीत मला परत बोलावशील.