भुऱ्या वळू कोणाचा

हिवरखेड
पौष शुद्ध दशमी, शके १७८६

तीर्थरूप भगवंतदादांस धाकट्या पुंजारामाचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. कौशल्यावहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. कापसाची तिसरी वेचणी चालू आहे. बोंडं टोचून बोटांची चाळण झाली आहे, तेव्हा अक्षराला हसू नका.

तुमचा निरोप चंद्रभान गाडीवानाने पोचवला. म्हणाला, "दादा इचारत व्हते, अकोटात गाईले दाखवाले धड वळू उरला नाही. पुंज्याचा भुऱ्या अजून हाये काय?" दोन वर्षांनी धाकट्या भावाची आठवण झाली, तीही वळूसाठी! असो. आहे भुऱ्या. तुम्ही त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा ठेंगणा म्हणून नाक मुरडलं होतं, म्हणून जरा ऐकूनच घ्या.

ठेंगणाच आहे अजून. पण पाठ लांब, छाती रुंद, खूर काळे आणि घट्ट. गावात त्याची अकरा वासरं हिंडतात, त्यांत पांढऱ्या खुराचं एकही नाही. सुका कडबा खाऊन अंगाने भरलेली असतात. तुमच्या गाडीवानांना उंच, पांढरे, पळणारे बैल लागतात. दिसतात देखणे, पण त्यांना सरकी चारता चारता आमच्यासारख्या लहान शेतकऱ्याचं घर धुऊन निघेल. मागच्या महिन्यात धारणीकडचे दोघे दोन दिवस पायी चालून गाय घेऊन आले. भुऱ्याचे खूर उचलून पाहिले आणि गाय पुढे केली. सगळे म्हणतात, जनावराची पारख असावी तर पुंजारामासारखी. मी मिशीला पीळ देतो.

इथपर्यंत लिहून लेखणी ठेवली होती. भुऱ्याला पाणी दाखवून आलो. दादा, आता खरं लिहितो.

दोन वर्षांपूर्वी कापूस तेजीत आला, गाड्यांना बैल पुरेनात. साऱ्या गावाने चांगले चांगले गोऱ्हे बडवून, खच्ची करून बैल म्हणून विकले आणि गाईंसाठी मागे राहिले ते रोडके. भुऱ्याही द्यायचा शब्द मी तुम्हाला दिला होता, मनापासून दिला होता. तुम्ही व्यापाऱ्याला घेऊन आलात. बडवणाऱ्याने गोऱ्ह्याचे पाय बांधले, मी मानेवर बसलो. तेवढ्यात तुमची भावजय घरातून बाहेर आली. तुमच्यासमोर, थोरल्या भासऱ्यासमोर जिने कधी आवाज काढला नाही, ती सगळ्यांदेखत बडवणाऱ्याला म्हणाली, "हात लावू नोको त्याले! याची माय चैतातबी दूध देते, दरसाल विते, गाऱ्याचिखलात बसत नाही. यालेबी बडवलं त उद्या गाईले काय बोकड दाखवता?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. "काहून रे पुंज्या, घरात तुयं चालते का बायकोचं?"

व्यापारी हसला. ते हसणं मला झोंबलं. मी म्हणालो, "माहंच चालते. मीच सांगतलं तिले."

मी काही सांगितलं नव्हतं, दादा. ती अशी येईल याची मला कल्पनाही नव्हती. तुम्हाला वाटलं, पुंज्याने शब्द दिला आणि बाईला पुढे करून मोडला. या घरचं पाणी पिणार नाही म्हणून तुम्ही निघून गेलात. मी खोटं बोललो आणि भाऊ गमावला. मग वासरं चांगली निघाली तेव्हा तेच खोटं अंगावर शालीसारखं पांघरून गावभर मिरवलो. गाय राखली तिने, गोऱ्हा ओळखला तिने. मी नुसता मानेवर बसलो होतो, तोही बडवणाऱ्याच्या बाजूने!

काल तुमचा निरोप तिला सांगितला. ती कापसातला कचरा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वळू तुमचा हाये म्हंते गाव. तुमीच पाहा." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मला माझी लाज वाटली, आणि तिचा एवढा अभिमान वाटला की छातीत मावेना. दोन वर्षं तिने माझं खोटं झाकलं, आणि त्या दोन वर्षांत गावाच्या गाईंचा वंश सुधारला.

तेव्हा गाई खुशाल घेऊन या. पण भुऱ्या मला मागू नका. ओसरीवर बसा, आमच्या घरचं पाणी प्या आणि तिला विचारा. ती दाराआडून, पदर ओढून उत्तर देईल. तुम्ही थोरले, तुम्हाला जड जाईल हे कळतं. मला हे चार शब्द लिहायला दोन वर्षं लागली.

नवरा बायकोचं नाव घेत नाही, त्यातून थोरल्या भावाच्या पत्रात तर नाहीच. आज घेतो. हे पत्र अकोटात चारचौघांसमोर वाचलं तरी चालेल.

मनकर्णाच्या वळूचा राखणदार,
पुंजाराम