अर्लीनच्या रविवारची वाटणी

मी, एल्मर बोदनार, वय एक्याऐंशी, निवृत्त प्लंबर, राहणार टोलीडो, ओहायो, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळी माझ्या प्रवाळांच्या टाकीतल्या पाण्याचा खारटपणा दोनदा मोजला, दोन्ही वेळा सारखाच भरला. यापेक्षा मोठा दाखला माझ्यापाशी नाही.

कलम १. घर, गाडी व बँकेतली शिल्लक माझी मुलगी कोरीन हिला. तळघरातली समुद्री टाकी तिने काढून टाकली तरी माझी हरकत नाही, मात्र आधी कलम ३ वाचावे.

कलम २. हत्यारांची पेटी शेजारी डेल याला. माझा मोठा पाना त्याने २०११ साली नेला आहे, तोही आता त्याचाच समजावा. मागून मागून मी थकलो.

कलम ३. टाकीत मधोमध कोबीच्या गड्ड्याएवढं जे प्रवाळ आहे, हिरवं, टोकांना जांभळं, त्याचं नाव 'अर्लीनचा रविवार'. माझ्या बायकोचा चर्चला जायचा झगा याच रंगांचा होता. आम्हा प्रवाळवाल्यांत रीत अशी, की चांगलं प्रवाळ एकट्याने ठेवायचं नाही. तोडून चौघांना द्यायचं, म्हणजे आपली टाकी बिघडली तर कोणाकडून तरी परत मिळतं. मी दिलं नाही. अर्लीन म्हणायची, "एल्मर, जीव आहे तो, दागिना नाही. वाट की!"

पुढे प्रवाळवाल्यांच्या एका मेळाव्यात रुडी होक्स्ट्राच्या डब्यात मला त्याचाच तुकडा दिसला. रुडी माझा तरुणपणापासूनचा मित्र. चाळीस माणसांसमोर मी त्याला चोर म्हणालो. तो डब्याला झाकण लावून निघून गेला. सहा वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

मग अर्लीन इस्पितळात गेली. तिच्याकडे जायच्या घाईत मी चुन्याच्या निवळीचा नळ बंद करायला विसरलो. ही निवळी टाकीत थेंबथेंब सोडायची असते, तिच्यावर प्रवाळाचा सांगाडा वाढतो. परतलो तेव्हा बादली रिकामी आणि टाकी दुधासारखी. जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले आणि घरचा एक बंद करता आला नाही. सगळं मेलं. अर्लीन रोज विचारायची, "माझा रविवार कसा आहे?" मी सांगायचो, मजेत आहे, वाढलाय, टोकं नुसती झळकतायत.

चौथ्या दिवशी रुडी डबा घेऊन दारात. "घे. अर्लीनचा फोन होता. म्हणाली, एल्मर फारच कौतुक सांगतोय, म्हणजे टाकी गेली. तुकडा घेऊन जा."

"तुझ्याकडे कुठून आला हा?"

"तिनेच दिला होता, गाढवा. तुला सांगणार नाही असा शब्द घेऊन."

अर्लीन त्याच आठवड्यात गेली. त्या तुकड्याचा आता हा गड्डा झाला आहे, आणि नऊ वर्षांत मला त्याला कात्री लावता आलेली नाही. हात थरथरतो, मी परत वर जातो. चुकतंय हे कळतं मला. एक दिवस वीज गेली की तिचं जे उरलंय तेही जाईल. म्हणून माझ्यामागे कोरीनने ते तोडून मागेल त्याला फुकट द्यावे.

कलम ४. त्यातला पहिला तुकडा रुडीला.

इथवरचा मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, रुडी साक्षीदार आहे, साक्षीदाराला वाटा घेता येत नाही. रुडी म्हणाला, "मग मला सहीच करू दे. माझा तुकडा आहे की माझ्याकडे."

त्याच्याकडचा उभा जिना मला झेपत नाही, म्हणून नऊ वर्षं तोच माझ्याकडे येतो. काल सहीचे कागद घेऊन कसाबसा त्याच्या तळघरात उतरलो. टाकी समोरून पाहिली, बाजूने पाहिली.

"कुठे आहे तुझा?"

तो कॉफी ओतत राहिला. "तेव्हा माझीही टाकी तापून सगळं मेलं होतं. नखाएवढा वाचला होता, तोच तुला आणून दिला. अर्धा केला असता तर दोन्ही मेले असते."

"मग इतकी वर्षं मागितला का नाहीस?"

"तुझा हात पाहिलाय मी कात्री धरताना."

सबब, उद्या त्याला पुन्हा तुकडा लागला तर अडायला नको म्हणून रुडीचं नाव साक्षीदारांतून मी स्वतः खोडलं आहे. कलम ४ देखील रद्द, कारण त्यात लिहिलेली वस्तू आता माझ्या ताब्यात नाही. आज दुपारी कात्री लावली. अर्धा गड्डा रुडीच्या टाकीत आहे.

सही: एल्मर बोदनार

साक्षीदार:
१. मार्जरी क्लाइन, समोरच्या घरी राहणाऱ्या
२. ऑगस्ट व्हीलर, टपालवाले

टोलीडो, १४ मार्च २०२४