अकराव्या पावलाला मान खाली

ती. स्व. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हल्ली शब्दशः घालता येतो, गुडघे वाकायला लागलेत. कारण पुढे येतंच आहे.) तुझी कंबर कशी आहे? वहिनींनी तुला जिना चढायला बंदी केली असं कळलं. त्यांचं ऐकत जा. इकडे सगळे मजेत. दुकानातली दोन्ही मशीनं कुरकुर न करता चालतात. तुझी भावजय कुरकुर करते, पण चालते तीही छान.

तर बावन्नाव्या वर्षी मी कराटे शिकतोय. आधी हसून घे. बाईंच्या वर्गाचे पांढरे पोशाख मी शिवतो हे तुला ठाऊक आहेच. (बाई म्हणजे तुझ्याच वेळच्या, मोठ्या सरांकडे मुलींच्या तुकडीत होत्या त्या.) एकदा कुणाच्या तरी पायजम्याचं माप घ्यायला मी खाली बसलो आणि उठताना टेबल, खुर्ची आणि गिऱ्हाईक अशा तिघांचा आधार घेतला. बाई म्हणाल्या, "उद्यापासून सकाळी सहाला या." त्यांना नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे, आणि तो मी नव्हे.

पहिले तीन महिने मी नुसता उभा होतो. घोड्यावर बसल्यासारखा, पण घोड्याशिवाय. शैलीचा इतिहासही याच वेळी सांगतात, म्हणजे मांड्या थरथरत असताना मूळ गुरू कानावर पडतात. ते समुद्रापारच्या कुठल्याशा बेटावर राहायचे आणि तीन तीन वर्षं एकच काता शिकवायचे. (काता म्हणजे समोर शत्रू आहे असं धरून ठरल्या क्रमाने करायच्या हालचाली. माझा शत्रू नसूनही मला हरवतो.) शिष्याने शंका विचारली की उत्तर नाही, पुन्हा करायला लावायचे. असं हातोहात येत ते आपल्या मोठ्या सरांपर्यंत आलं. भिंतीवर आधीच्या चौघांचे फोटो आहेत आणि सरांची चौकट रिकामी, कारण त्यांना फोटो काढून घेणं आवडायचं नाही. बाई म्हणतात, हातात आलं तसं पुढच्याच्या हातात द्यायचं, मध्ये आपली अक्कल घालायची नाही. शिंप्याला हे पटणं कठीण, पण मी पुन्हा घोड्यावर बसतो.

गेल्या रविवारी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा झाली. (पट्टा मी आधीच शिवून कपाटात ठेवलाय. हिला बोलू नकोस.) आजवर बाईच परीक्षा घ्यायच्या, यंदा पहिल्यांदाच मुख्य शाखेतून परीक्षक आले. आमच्या कातात अकराव्या पावलाला मान झटकन खाली घालतात, काठीचा वार चुकवायला, असं जुने विद्यार्थी सांगतात. (बाईंना विचारलं की त्या पुन्हा करायला लावतात.) सतरा माना एकदम खाली गेल्या आणि परीक्षकांचं पेन थांबलं. ते म्हणाले, या कातात मान खाली घालणं कुठेच नाही. बाई म्हणाल्या, "सर असंच करायचे." परीक्षकांनी सगळ्यांचा निकाल राखून ठेवला. लेखी खुलासा द्या, नाहीतर वर्गाची मान्यता जाईल, असं सांगून गेले.

आणि दादा, मान खाली असतानाच मला तुझं टेंगूळ आठवलं. सरांकडून यायचास तेव्हा कपाळावर नेहमी एकाच जागी असायचं, आई पाण्याची पट्टी ठेवायची, आणि तू म्हणायचास, गोदामातली तुळई लागली. (सरांचा वर्ग तेव्हा गोदामात भरायचा.) सर तर तुझ्याहून उंच. अकराव्या पावलाला ते बरोबर तुळईखाली येत असणार. काठी नाही न् काही नाही, सतरा माणसं एका तुळईला घाबरून वाकतायत. बाई माझ्याच उंचीच्या, तुळई त्यांच्या डोक्याच्या वीतभर वर राहिली असेल, त्यांना पत्ताही नसणार. अडतीस वर्षं त्यांनी जे जीव लावून शिकवलं ते एका वाक्यात मोडायचं माझ्याच्याने होत नाही. फार वाईट वाटतंय. तीन दिवस मी बाह्या उलट्या जोडतोय.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुझा
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. तू सरांचा चोरून काढलेला फोटो तुझ्या ट्रंकेत आहे, त्यात तुळई अगदी स्पष्ट दिसते. बाई खुलाशासाठी जुन्या विद्यार्थ्यांना विचारतील असा माझा अंदाज आहे. तुला विचारलं तर फोटोचं नाव काढू नकोस. तुला खोटं बोलता येत नाही, तेव्हा वहिनींना बोलू दे.

ता. क. दुसरा. पत्र टाकायला निघालो तर बाईच दुकानात आल्या. उलटी बाही बघून म्हणाल्या, काय झालंय ते सांगा. मी टेंगळासकट सगळं सांगून टाकलं. त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. तुळई त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. परीक्षकांनाही त्यांनी कालच खरं ते लिहून कळवलंय, की परीक्षेत ताठ राहू, वर्गात आमचं आम्ही बघू. मी विचारलं, तुम्हाला तर ती लागत नव्हती, मग तुम्ही का वाकायचात? म्हणाल्या, "सर वाकायचे. मग आपण ताठ कसं राहायचं?"

ता. क. शेवटचा. फोटो ताबडतोब पाठव, चौकट वाट बघतेय. तुळई कापू नकोस. परीक्षा पंधरा दिवसांनी पुन्हा आहे. ताठ राहायचा सराव करून पाहिला, पण अकराव्या पावलाला मान आपोआप खाली जाते, आणि आता ती वर ठेवावीशी वाटत नाही. पट्टा राहील कपाटात.