वाचून दाखवला, बरोबर आहे

बाबा, काल ग्रामसभेत मी तुमची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, पण आपल्या गावातून पोलिसात हवालदार झालेले तुम्ही एकटेच, त्यामुळे घेतलं काय आणि नाही काय, सारखंच. तुम्ही असतात तर डोळे वटारून म्हणाला असतात, "खात्यातला खात्यात ऱ्हवांदे गो." तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, माझीही नोकरी संपली. शाळेत पोरांवर ओरडून आवाज असा झालाय की माईक बंद पडला तरी माझं अडत नाही. काल तो पडलाच.

कारण सांगते. गेल्या महिन्यात शेजारची सून किनाऱ्यावर सुकत घातलेली मासळी उलटत होती. पर्यटकांची जीप वाळूत मस्ती करत आली आणि तिला उडवून गेली. पाय मोडला. तिने पोलिसांना सगळं सांगितलं, गाडीचा रंगसुद्धा. आणि कागदावर काय? "ओल्या वाळूत पाय घसरून पडल्याने दुखापत झाली." खाली तिची सही. मी म्हटलं, आगो बाय, वाचलंस तरी का? तर म्हणे, "सायबान लिवला म्हणजे बरोबरच आसतला." कपाळ माझं! त्याच दिवशी मी ठराव लिहायला बसले. तक्रारदाराचा जबाब त्याला मालवणीत वाचून दाखवायचा, तो बरोबर म्हणाला तरच सही घ्यायची, आणि नक्कल त्याच दिवशी हातात द्यायची. चौकीत एक बाई पोलीसही हवी, तेही घातलं.

सभेत आधी मोकाट गुरांवर तासभर वाद झाला, मग नळाच्या पाण्यावर, आणि आमचा विषय आला तेव्हा निम्मी माणसं चपला शोधत होती. खोल्या भाड्याने देणारा एक जण म्हणाला, "पोलिसांशी वाकडा घेवन उद्या आमचो धंदो कोण सांभाळतलो?" ठाण्याचे नवे साहेब घाटावरचे, वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे, बोलायला गोड. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही वाचून दाखवतोच. प्रत्येक जबाबाखाली तसं लिहिलेलंच असतं." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, साहेब, ते वाक्य मला पाठ आहे. 'माझा वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे लिहिला असून तो मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' आता ते कसं लिहिलं जातं तेही ऐका. आणि मी सुरुवात केली.

तो दिवस तुम्हालाही आठवत असणार. मी डी.एड.च्या सुट्टीत घरी आलेली. आईने तिसऱ्यांचं सुकं केलंय, ते गरम असतानाच तुम्ही खावं म्हणून मी डबा घेऊन चौकीत येते. एक मासेवाली जमिनीवर बसली आहे. यांत्रिक बोटीने तिच्या घरची जाळी फाडून नेलीत. बोट कोणत्या रंगाची, मालक कोण, सगळं ती हातवारे करून सांगते आहे आणि मध्येच "शिरा पडली मेल्याच्या तोंडार" म्हणून शिव्या घालते आहे. तुम्ही मांडीवर लाकडी पॅड घेऊन खाली मान घालून लिहिता आहात. वरून फोन येऊन गेला होता, वाढवू नका म्हणून. संध्याकाळी जत्रेचा बंदोबस्त, त्याचीही घाई. तुम्ही पॅड तिच्याकडे फिरवलंत, शाईचा डबा पुढे केलात आणि विचारलंत, "बरोबर मा गो?" देवळात गाऱ्हाणं घालताना सगळे म्हणतात तसे तिने हात जोडले आणि म्हणाली, "होय महाराजा!" तुम्हीही हसलात. अंगठा उमटला. मी तुमच्या खांद्यामागे उभी होते. कागदावर 'अनोळखी बोटीने' असं होतं, आणि खाली तेच 'वाचून दाखवला'चं वाक्य. "बाबा, तिने तर नाव..." एवढंच मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "तुझा काम डबो देवचा." मी डबा ठेवला आणि घरी आले.

पुढे चौकशीत तिने मालकाचं नाव घेतलं, तेव्हा तिचाच अंगठा तिच्यासमोर धरला. मालक सुटला. घरची जाळी गेली, तेव्हापासून ती दुसऱ्यांची मासळी टोपलीत घेऊन दारोदार फिरली. आपल्याही दारात यायची. मी तिच्याकडून इतकी वर्षं बांगडे घेतले, घासाघीस केली, पण त्या कागदाबद्दल एक शब्द बोलले नाही. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही तेच पॅड मला दिलंत. "पोरांचे पेपर तपासूक बरा," म्हणालात. मला केवढा अभिमान वाटला होता! ठरावही मी त्याच पॅडवर लिहिला.

माझं बोलून झालं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "मेल्या माणसार कित्याक बोलतंस? आणि तोय तुझो बापूस?" साहेबांनी खाकरून विचारलं, "मॅडम, याला आधार काय? तुमचा तेव्हाचा समजही असू शकतो." माणसं एकमेकांकडे बघू लागली. ठराव माझ्या डोळ्यांसमोर बुडत होता. तेव्हा मी म्हटलं, "बाबांनी जाण्याआधी मला स्वतः सांगितलं. म्हणाले, तो कागद मी तिका वाचून दाखवूक होयो होतो." मग बायकांच्या घोळक्यातून तीच मासेवाली काठी टेकत उठली. पार म्हातारी झाली आहे आता. माझ्याकडे बघून म्हणाली, "बरो माणूस होतो गो तुझो बापूस. म्हणानच मी आंगठो दिलंय. वायट आसतो तर आधी वाचूक लावलं असतंय." आणि तिने सगळ्यांत आधी हात वर केला. मग हातच हात. खोल्यांवाल्याचासुद्धा.

ग्रामसेवकाला मी ठराव मालवणीत वाचायला लावला. तो बिचारा दोनदा अडखळला, लोक हसले, पण सोडलं नाही. मगच सह्या झाल्या. सोमवारी शेजारच्या सुनेला घेऊन ओरोसला जाते आहे, जिल्ह्याच्या साहेबांकडे. तिचा जबाब पुन्हा लिहून घेतल्याशिवाय परत यायचं नाही असं ठरवलंय. बसवून ठेवलं तर बसू, दोघींचा डबा बरोबर असेल.

एकच सांगायचं राहिलं, बाबा. तुम्ही मला असं काही कधीच सांगितलं नाहीत. शेवटच्या आजारातही नाही. पेज मागितलीत, खिडकी उघड म्हणालात, त्यापलीकडे काही नाही. ते वाक्य माझं आहे. मी ते तुमच्या तोंडी घातलं, आणि त्यावर सगळ्या गावाने हात वर केले. सोमवारी निघण्याआधी म्हातारीकडे जाऊन तिला हे सांगणार आहे, मग ती मला काय शिव्या घालायच्या त्या घालो. हा कागद आता तुमच्या पॅडला लावून ठेवते. आत्ताच स्वयंपाकघरात बसून मी तो तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवला, मालवणीत, सावकाश. तुम्ही बरोबर म्हणालात, असं मात्र मी खाली लिहिणार नाही.