तार उतरते आहे

२ मार्च
दाराच्या चौकटी, ओट्याखालची कपाटं, टाकीचा सांगाडा, लोखंडी जिना आणि गच्चीवरची खोली, सगळं माझ्या हातचं. शाळा सातवीत सुटली. वेल्डिंग बघून बघून शिकलो. आज राहायला आलो. बायको खूश आहे. गच्चीवरून उच्च दाबाची तार जाते. पहाटेच्या गारव्यात कोनमापकाने मापली. कोनमापकही मीच केलेला. छपरापासून चांगली दोन पुरुष उंच.

१९ मार्च
लाइनमन आला. म्हणे, मेस्त्री, माप दुपारी घ्यायचं असतं. उन्हात आणि विजेच्या भाराखाली तार पोट सोडते, खाली झुकते. तिला शिवावं लागत नाही, जवळ गेलं की तीच झेप घेते. मी म्हटलं, तुला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून मी लोखंड जोडतोय. तो हसला, म्हणाला, तार वय विचारत नाही. गेला एकदाचा.

११ एप्रिल
बायको म्हणते, ओल्या हाताने जिना धरला की मुंग्या येतात. मी म्हटलं, रक्त कमी झालंय तुझं. मग स्वतः धरला. चिमटा बसला. तिला सांगितलं नाही.

४ मे
दुपारी तार गच्चीवरच्या खोलीच्या खिडकीच्या वरच्या चौकटीखाली आली. संध्याकाळी गारवा पडला की वर जायला हवी. गेली नाही. गुणगुणते. मी बोलायला लागलो की थांबते, मग पुन्हा.

९ मे
लाइनमनला बोलावलं. रस्त्यावरून बघून म्हणाला, तार जागेवरच आहे. माझं माप चुकत नाही. ती त्याच्यासमोर वर जाते.

१३ मे
काचेच्या मध्यावर. वाऱ्याशिवाय हलते. माझ्याकडेच —

१६ मे, दुपार
तार जिन्यावर टेकली. अख्खा जिना गुणगुणतोय. मी वरच्या खोलीत, लाकडी खाटेवर. लाइनमन फोनवर म्हणाला, जागचे हलू नका, कशाला हात लावू नका, कोणाला जवळ येऊ देऊ नका, लाइन बंद करायला सांगतो. अजून बंद —

बायको बाजारातून आली. फाटक वाजलं. तिचा फोन इथेच, उशाशी. ओरडलो. गुणगुणीत माझं मलाच ऐकू येत नाही. खिडकीतून दिसतंय, ती खाली हातपाय धुतेय. ओल्या हातानेच जिना धरेल —

आता तेच आठवतंय. परवा वीज कंपनीचे साहेब आले होते. खोली उतरवून द्या, साडेचार लाख देतो म्हणाले. मी म्हटलं, हातचं विकत नाही. साडेचार लाख. जिन्याला तिचा हात —