पाठीवरची चेन

दादा,

आपल्या अबोल्याला चार वर्षं झाली. आधी तूच बोलायला हवंस, म्हणून हे पत्र टाकणार नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपला तो आभाळाएवढा जपानी वीर अजून टीव्हीवर राक्षसांशी लढतोय! दरारा तोच. लहानपणी तू त्याच्या पाठीवरची चेन दाखवून म्हणालास, "वेडे, आत माणूस आहे." मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं.

आज शिलाईच्या दुकानात फ्रॉकला चेन लावताना टीव्हीवर तीच चेन दिसली. अरे, ती त्याची त्याला लावताच येणार नाही! एवढ्या मोठ्या वीरामागेही कुणीतरी उभं राहतं.

आई गेल्यावर माझ्या शाळेच्या फ्रॉकची चेन रोज तूच लावायचास.

तुझी,
वेडी