विनिपेगमध्ये वाढलेलं पान

प्रिय नानांग, माझ्या आई,

तुझा हात माझ्या कपाळाला लावला असं समज आणि मला आशीर्वाद दे. आम्ही मजेत आहोत. थंडी मरणाची आहे, पण घर उबदार आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

काल बाबांना, आपल्या तातांगना, जाऊन चाळीस दिवस झाले. तिकडे गावी यायला जमलं नाही, म्हणून इथेच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात त्यांचं पान वाढलं. चिकट भात, तळलेलं डुकराचं मांस आणि शेजारी एक सिगारेट. हो, डॉक्टरांनी बंद केलेलीच. आता कोण ओरडणार!

अल्थिया पानाकडे बघतच राहिली. म्हणाली, "मम्मी, आजोबा इथे कधीच आले नाहीत. त्यांना आपलं घर कसं सापडणार?"

मी म्हटलं, "गप जेव." पण आज मीच हे पत्र लिहायला बसले.

तू रोज त्यांच्या फोटोशी भांडतेस ना? तेव्हा त्यांना पत्ता नीट सांग. जिना मागच्या बाजूला आहे, बर्फाने निसरडा झालाय, जपून चढा म्हणावं. दार अल्थियाने उघडलं, तर तिला आपली भाषा कळणार नाही. पण नाक त्यांचंच आहे, ओळखतील.

तुझीच,
मिला